चंद्र कळसाएवढा दिसतो, तो लेन्समुळे की अंतरामुळे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते दोघांनाही स्पष्ट राहील. कोजागरीच्या संध्याकाळी तुम्ही टेकडीवरच्या महादेवाच्या देवळामागून वर येणारा चंद्र टिपलात. पटांगणाच्या टोकाला, देवळापासून साधारण १०० मीटरवर उभे होतात. फोटोत देऊळ छान आलं, पण चंद्र म्हणजे कळसाशेजारी पांढरा ठिपका. दोन दिवसांनी त्याच देवळाचा दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो फिरत फिरत तुमच्याकडे आला आणि त्यात चंद्र अख्ख्या देवळाएवढा! एक मित्र म्हणतो, त्याच्याकडे मोठी लेन्स होती म्हणून. दुसरा म्हणतो, तो लांबून काढलाय म्हणून. तुम्हाला स्वतःला तो फोटो जोडलेला वाटतो. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की चंद्रावरून काढलेल्या फोटोंत पृथ्वी एका ठिकाणी इवलीशी आणि दुसरीकडे चांगली मोठी कशी, त्यातला एक खोटा का?

तुमचे दोन्ही मित्र बरोबर आहेत, पण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. भांडण मिटत नाही ते त्यामुळेच. ‘चंद्र मोठा दिसतो’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, पूर्ण फ्रेमच्या मानाने चंद्र मोठा. दोन, समोरच्या देवळाच्या मानाने चंद्र मोठा. पहिलं लेन्स ठरवते. दुसरं फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, लेन्सचा तिथे काडीचाही संबंध नाही. मी गेली २२ वर्षं कॅमेरा हातात घेऊन पोट भरतोय आणि शिकायला येणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट हीच आहे.

सुरुवात चंद्राच्या मापापासून करू. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि आपल्यापासून त्याचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. एकाला दुसऱ्याने भागलं की सुमारे ११० येतात. म्हणजे चंद्र स्वतःच्या रुंदीच्या ११० पट लांब आहे. आकाशात त्याने व्यापलेला कोन जेमतेम अर्धा अंश. हात पूर्ण लांब करून दोन बोटांत तुरीचा दाणा धरा, चंद्र त्याच्यामागे झाकला जातो. हे वाचून विश्वास बसत नाही, कारण क्षितिजावरचा चंद्र आपल्याला परातीएवढा वाटतो. तो मेंदूचा भास आहे. खरं तर क्षितिजावर असताना चंद्र डोक्यावर असतानापेक्षा आपल्यापासून काही हजार किलोमीटर जास्तच लांब असतो आणि मोजला तर एखाद-दीड टक्क्याने लहान भरतो. कॅमेऱ्याला भास होत नाही. म्हणून डोळ्यांना परात दिसली आणि फोटोत ठिपका आला की माणूस खट्टू होतो. तुमच्या फोटोतला ठिपका खरा आहे.

हा ११० आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्यावरच चालतं.

आता लेन्स. लेन्सची फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेला आकडा, तो जितका मोठा तितकं चित्र मोठं) मिलिमीटरमध्ये असते. तिला ११० ने भागा, सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, पडणाऱ्या चंद्राचा व्यास मिळतो. ५० मिमी लेन्स असेल तर चंद्र जेमतेम अर्धा मिलिमीटर. २५० मिमीला सव्वादोन मिलिमीटर. ६०० मिमीला साडेपाचच्या आसपास. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांतला जुन्या फिल्मच्या मापाचा सेन्सर २४ मिमी उंच असतो, तेव्हा ६०० मिमीची भारी लेन्स लावूनही चंद्र फ्रेमच्या उंचीच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमीच भरतो. चंद्राने फ्रेम काठोकाठ भरायची तर अडीच हजारांहून जास्त मिलिमीटर लागतात, म्हणजे दुर्बिणीला कॅमेरा जोडण्याची तयारी हवी. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, १५ मिमी उंचीचा आहे. तुमच्याकडच्या १८-५५ (मिमी) लेन्सच्या १८ मिमीला त्यावर चंद्र सुमारे ४४ पिक्सेलचा येतो, ५५-२५० लेन्सच्या २५० मिमीला सुमारे ६०० पिक्सेलचा. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात बारा मेगापिक्सेलच्या फोटोत तो २५ पिक्सेलच्या आसपास असतो. पंचवीस पिक्सेलमध्ये चंद्रावरचे डाग कुठून दिसणार?

इथवर तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं खरं आहे. पण आता एक प्रयोग करा, मी हा दरवर्षी मुलांकडून करून घेतो. त्याच पटांगणाच्या टोकाला, त्याच जागी ट्रायपॉड ठेवा. एक फोटो १८ मिमीला काढा आणि लगेच दुसरा २५० मिमीला. घरी येऊन पहिल्या फोटोतला मधला भाग दुसऱ्याएवढा होईपर्यंत क्रॉप करा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिला फुटलेला, धूसर दिसेल, पण चंद्र आणि कळस यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण दोन्हींत तंतोतंत एकच असेल. लेन्स बदलली म्हणून चंद्र कळसाच्या मानाने केसभरही वाढला नाही. दोघंही सारख्याच पटीत मोठे झाले.

मग प्रमाण बदलतं कशाने? पायांनी.

देवळापासून १०० मीटरवर उभे असताना चंद्र देवळाच्या पातळीवर किती जागा झाकतो ते काढू. १०० भागिले ११०, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर. एखाद्या खिडकीएवढा. देऊळ तुम्ही सांगता तसं चार मजली इमारतीएवढं, म्हणजे १२ मीटर धरलं, तर त्याच्यासमोर ९० सेंटिमीटरचा चंद्र ठिपकाच दिसणार. आता उलट्या दिशेने मागे चालत जा. ५५० मीटरवर चंद्र देवळाच्या पातळीवर ५ मीटर झाकतो. १,३२० मीटरवर पोहोचलात की तो बरोबर १२ मीटर झाकतो आणि देवळाएवढा होतो. तुम्ही सव्वा किलोमीटर मागे आलात तेव्हा देऊळ तुमच्या दृष्टीने तेरा पट लहान झालं. चंद्राला मात्र काहीच फरक पडला नाही, पावणेचार लाख किलोमीटरांपुढे सव्वा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. फोटोत चंद्र ‘वाढला’ असं आपण म्हणतो, पण खरं घडलं ते एवढंच की देऊळ लहान झालं.

एवढं लहान झालेलं देऊळ १८ मिमीच्या फोटोत शोधावं लागेल. ते आणि चंद्र दोन्ही नीट दिसावेत म्हणून टेली, म्हणजे मोठ्या फोकल लेन्थची लांब लेन्स लावायची. लांबून काढलेल्या फोटोला लांब लेन्स लागतेच, त्यामुळे दोन्ही गोष्टी कायम जोडीने येतात आणि श्रेय लेन्सला मिळतं. ‘टेली लेन्स बॅकग्राउंड जवळ ओढते’ हे वाक्य मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं लोकांना सांगत होतो, कारण मलाही तसंच शिकवलं गेलं होतं. ते वाक्य सोडून दिल्यावर माझे फोटो सुधारले. आधी मी गाडीतून उतरायचो, देवळासमोर उभा राहायचो आणि बॅगेतली सर्वांत मोठी लेन्स लावायचो. नंतर नकाशा उघडून ‘किती लांब उभं राहायचं’ हे आधी ठरवायला लागलो आणि लेन्स शेवटी.

कुणी म्हणेल, त्या दिवशी चंद्रच जवळ होता, सुपरमून होता. चंद्र आपल्यापासून साधारण ३,५६,५०० ते ४,०६,७०० किलोमीटर या टप्प्यात मागे-पुढे होत असतो, हे खरं. सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा पौर्णिमेचा चंद्र शेजारी ठेवले तर रुंदीत सुमारे १४ टक्के फरक निघतो. नेहमीच्या चंद्राशी तुलना केली तर त्याच्या निम्माच. पण ठिपक्याचा देवळाएवढा चंद्र व्हायला तेरापट फरक लागतो. सुपरमूनच्या बातम्यांनी माणसं आभाळाकडे बघायला बाहेर पडतात याचा मला आनंद आहे, फोटोतल्या आकाराशी मात्र त्याचा संबंध फार थोडा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चंद्रावरून दिसणारी पृथ्वी. मला तो या सगळ्याचा सर्वांत सुंदर पुरावा वाटतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. चंद्रावरून बघितलं तर ती आकाशात सुमारे १.९ अंश व्यापते, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या जवळपास पावणेचार पट. ११० च्या जागी इथे भागायचा आकडा ३० येतो. अमेरिकेच्या अपोलो ८ या चांद्रमोहिमेतून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा जो जगप्रसिद्ध फोटो काढला, तो हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर २५० मिमी लेन्स लावून. २५० भागिले ३०, म्हणजे फिल्मवर पृथ्वी आठ-सव्वाआठ मिलिमीटरची. फिल्मवरची चौकट साधारण ५५ मिमीची. पृथ्वी तिच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी आली, आणि समोर चंद्राचं क्षितिज शेकडो किलोमीटर दूर असल्याने ती भव्य दिसली.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या वेळी चंद्राच्या जमिनीवर उभं राहून काढलेले बहुतेक फोटो ६० मिमी लेन्सचे आहेत. ६० भागिले ३०, म्हणजे पृथ्वी फक्त २ मिलिमीटर, चौकटीच्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढी. त्यातल्या एका फोटोत अंतराळवीर हॅरिसन श्मिट ध्वजाजवळ उभे आहेत आणि वर काळ्या आभाळात पृथ्वी आहे. फोटो काढणारे यूजीन सर्नन त्यांच्यापासून काही पावलांवरच होते. इतक्या जवळच्या माणसापुढे आणि ध्वजापुढे १.९ अंशांची पृथ्वी लहानच दिसणार, जसा तुमच्या पटांगणातून चंद्र दिसला. दोन फोटो, दोन लेन्स, समोरच्या वस्तूंची दोन वेगळी अंतरं. पृथ्वी दोन्हीकडे तेवढीच. हे गणित तुम्ही स्वतः कागदावर करून बघू शकता, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

फोटोग्राफर चंद्रापासूनच लांब गेला तर काय होतं हेही एकदा बघायला मिळालं आहे. डिस्कव्हर नावाचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १६ लाख किलोमीटरवरून तिच्याकडे बघत होता. १६ जुलै २०१५ रोजी चंद्र त्याच्या आणि पृथ्वीच्या मधून गेला आणि उपग्रहाने ते टिपलं. खऱ्या मापात चंद्राचा व्यास पृथ्वीच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त आहे. त्या फोटोंत तो एक-तृतीयांशाहून किंचित मोठा दिसतो, कारण कॅमेऱ्यापासून चंद्र १२ लाखांच्या आसपास आणि पृथ्वी १६ लाखांवर. तुमचं देऊळ आणि चंद्र यांचा नियम, फक्त आकडे लाखांतले.

परत गावी येऊ. त्या दुसऱ्या फोटोबद्दल तुम्हाला शंका आहे. मी तो बघितलेला नाही, त्यामुळे खरा की खोटा हे सांगणार नाही. पण तपासायचं कसं ते सांगतो. पहिला प्रश्न, फोटोग्राफर उभा कुठे असेल? देवळाएवढा चंद्र म्हणजे तो १,३०० मीटरवर असायला हवा. फोटोत देवळासमोरची दीपमाळ देवळापेक्षा खूप मोठी दिसत असेल, पायऱ्यांच्या रेषा तुमच्याकडे पसरत येत असतील, पुढ्यातल्या फरशीचे सांधे दिसत असतील, तर कॅमेरा देवळाजवळच होता. जवळचा कॅमेरा आणि देवळाएवढा चंद्र एका क्लिकमध्ये एकत्र येऊ शकत नाहीत. लांबून काढलेल्या फोटोत दीपमाळ आणि देऊळ एकाच प्रमाणात, एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात.

गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीएवढा चंद्र दाखवणारं चित्र कुणी दाखवलं तर मी हेच विचारतो. गेटवे २६ मीटर उंच. तेवढा चंद्र हवा तर पावणेतीन-तीन किलोमीटर मागे जायला हवं. शहराच्या बाजूने तेवढं मागे गेलं की मधे इमारतींची भिंत उभी. समुद्राच्या बाजूने गेलं तर हलणाऱ्या बोटीवरून मोठी लेन्स धरायची, तीही मावळत्या चंद्रावर, कारण तुम्ही पश्चिमेला बघत असाल. अशक्य म्हणत नाही, पण चौकात उभं राहून काढल्यासारखं चित्र असेल तर ते जोडलेलंच.

आणखी काही खुणा आहेत. चंद्राच्या पुढून ढग जाऊ शकतो, मागून नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे चंद्राकडे तोंड केलेल्या फोटोत मावळतीचा उजेड फोटोग्राफरच्या पाठीकडून देवळावर यायला हवा. बाजूने लख्ख ऊन पडलेलं आणि मागे पूर्ण गोल चंद्र, हे जुळत नाही. क्षितिजालगतचा चंद्र पिवळट-तांबूस, किंचित चपटा आणि कडेला थरथरलेला असतो. तिथे पांढराशुभ्र, विवरांच्या कडा कोरलेला चंद्र दिसला की मला शंका येते. मोबाइलच्या बाबतीत अजून एक काळजी घ्या. काही फोन चंद्र ओळखून त्यावरचे तपशील स्वतःच ठळक करतात, तेव्हा फोनच्या झूममधला सुबक चंद्र हा लेन्सचा पुरावा मानू नका. दोन फोटो जोडण्याला माझा विरोध नाही. फिल्मच्या काळात एकाच चौकटीवर दोनदा एक्सपोजर (म्हणजे उजेड) देऊन लोक ते करतच होते. मात्र जोडलेला असेल तर तसं सांगावं. नाहीतर तुमच्यासारखा माणूस त्या चित्राच्या नादाने पटांगणात तासभर उभा राहतो आणि चूक आपली आहे असं समजून घरी जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुम्हाला तसा फोटो काढायचाच असेल, तर मी कसा काढतो ते सांगतो. इथून पुढे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे: टेकडी किती उंच, मागची जमीन कशी, हवा कशी.

दिवस निवडताना मी पौर्णिमेपेक्षा चतुर्दशीला पसंती देतो. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या वेळी उगवतो आणि टेकडीच्या वर येईपर्यंत अंधार पडतो. आदल्या दिवशी तो सुमारे पाऊण तास लवकर येतो, तेव्हा देवळावर अजून उजेड असतो आणि चंद्र व देऊळ एकाच एक्सपोजरमध्ये बसतात. एका दिवसाने गोलाईत पडलेला फरक फोटोत सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. संकष्टीला मात्र हा खटाटोप करू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ आयती मिळते खरी, पण तोवर आभाळ काळं ठिक्कर झालेलं असतं. देऊळ दिसावं म्हणून एक्सपोजर वाढवलं की चंद्राचा दिवा होतो आणि चंद्र सांभाळला की देऊळ नाहीसं होतं.

जागेच्या बाबतीत मी एक संध्याकाळ कशी वाया घालवली ते सांगतो. आमच्या जवळच्या टेकडीवरही असंच देऊळ आहे. चंद्रोदयाची दिशा ॲपवर बघितली, नकाशावर देवळातून उलटी रेषा काढली आणि १,३०० मीटरवर एका शेताच्या बांधावर ट्रायपॉड लावला. चंद्र आला तो देवळाच्या चांगला उजवीकडून. चूक अशी की ॲपमधली दिशा सपाट क्षितिजावरची होती. टेकडी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच, म्हणजे माझ्या जागेवरून देवळाचा पाया सव्वाचार अंश वर. तेवढं चढायला चंद्राला सुमारे १९ मिनिटं लागली. आपल्या अक्षांशावर तो सरळ उभा चढत नाही, दक्षिणेकडे कलत चढतो. तेवढ्या वेळात तो जवळपास दीड अंश उजवीकडे सरकला होता. म्हणजे जवळजवळ तीन चंद्रांएवढा.

उजवीकडे सरकलेला चंद्र देवळामागे आणायचा तर आपल्याला डावीकडे जावं लागतं, कारण आपण डावीकडे गेलो की जवळचं देऊळ चंद्राच्या मानाने उजवीकडे सरकतं. किती जायचं? परत ११०. १,३२० मीटरवर एक चंद्रभर सरकवायला १२ मीटर चालावं लागतं. मला तिप्पट, पस्तीसेक मीटर जायचं होतं, आणि डावीकडे उभा ऊस होता. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत कापतो. ट्रायपॉड उचलून उसाला वळसा घालेपर्यंत तो कळसाच्या वर निघून गेला. तेव्हापासून मी देवळाच्या उंचीवरची दिशा काढतो आणि जागेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर मोकळी वाट आहे का ते दिवसा जाऊन बघतो. शेतमालकाला विचारून ठेवतो. रात्री अनोळखी माणूस बांधावर ट्रायपॉड घेऊन दिसला तर लोक काळजीत पडतात, आणि ते रास्तच आहे.

फोकस बघा. देऊळ १,३०० मीटरवर असलं की २५० मिमीला देवळावर फोकस केला तरी चंद्रही स्वच्छ येतो. कळसाजवळ उभ्या माणसाएवढा चंद्र दाखवायचा असेल तर मात्र अडचण येते. माणूस १.७ मीटर, म्हणजे अंतर फक्त १९० मीटर. तिथून ६०० मिमीने माणसावर फोकस केला की एफ ८ वर (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं उजेड येण्याचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) चंद्र मऊ पडतो. अशा वेळी मी मागे जातो, ४०० मीटरवर, आणि ॲपर्चर एफ ११ करतो. माणूस चंद्राच्या निम्म्याएवढा दिसतो, पण दोघांच्याही कडा टिकतात. मला तो फोटो जास्त आवडतो.

एक्सपोजर ऑटोवर सोडू नका. आभाळाच्या मानाने चंद्र इतका लहान असतो की कॅमेरा आभाळ मोजतो आणि चंद्राची पांढरी टिकली करतो. चंद्रावर थेट ऊन पडलेलं असतं, म्हणून तो दिवसाच्या उजेडातली वस्तू समजून मोजायचा. वर आलेल्या पूर्ण चंद्राला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ११, १/१०० सेकंद हे जुनं माप आजही चालतं. क्षितिजाजवळ हवेचा थर त्याचा बराच उजेड खातो. तिथे मी आयएसओ ४००, एफ ८, १/१२५ पासून सुरुवात करतो आणि स्क्रीनवर चंद्रातले डाग दिसतात का ते बघत कमी-जास्त करतो. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, वारा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग टांगायची. शटर फार मंद ठेवू नका, लांब लेन्सवर चंद्राची चाल आणि ट्रायपॉडची थरथर दोन्ही दिसतात.

हवेपुढे आपला इलाज चालत नाही. पावसाळा संपल्यावरचा महिना-दीड महिना आपल्याकडे सर्वांत चांगला, धूळ बसलेली असते. वैशाखात तापलेल्या माळरानावरून १,३०० मीटर बघितलं की देवळाच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या दिसतात, आणि क्षितिजावरच्या धुरळ्यात चंद्र बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नवं काही विकत घेऊ नका. ५५-२५० पुरेशी आहे. १,३०० मीटरवरून तिच्यात देऊळ आणि चंद्र दोन्ही सुमारे ६०० पिक्सेलचे येतील, मोठ्या छपाईला थोडे कमी, पण फोटो म्हणून उत्तम. एका रविवारी नकाशा घेऊन देवळाच्या पश्चिमेला निघा आणि जिथून कळसाच्या मागे फक्त आभाळ दिसतं अशी जागा शोधा. कोजागरीला सापडलेली जागा मार्गशीर्षात चालणार नाही हे लक्षात असू द्या. पूर्ण चंद्राची उगवण्याची जागा थंडीत ईशान्येकडे सरकत जाते. ती १० अंश सरकली तर १,३०० मीटरवर तुम्हाला २३० मीटर उजवीकडे, दक्षिणेला जावं लागेल. पहिल्या वेळी चंद्र देवळाच्या बाजूने आला तर हळहळू नका. तो किती बाजूला आला ते चंद्राच्या रुंदीत मोजून, वेळेसकट वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडात तिथे जाऊन तेवढे मीटर चालून बघा, म्हणजे वाटेत ऊस आहे की मोकळं रान ते आधीच कळेल.